निर्वाचक गण
निर्वाचक गण : एखाद्या प्रदेशाचा वा संस्थेचा प्रमुख सर्व मतदारांनी प्रत्यक्ष न निवडता, त्यासाठी ठरवून दिलेल्या मर्यादित व्यक्तींच्या समूहाने निवडण्याची पद्धती असते, त्या समूहास निर्वाचक गण असे म्हणतात. महाराष्ट्रात ही संज्ञा आणखी एका अर्थाने रूढ आहे. पंचायत समितीचा एक सदस्य ज्या मतदारसंघातून निवडून येतो, त्यास कायद्याच्या भाषेत ‘निर्वाचक गण’ व बोलण्यात नुसते ‘गण’ म्हणतात. दोन्ही अर्थांत आज काही साम्य उरलेले नाही. परंतु दुसरा अर्थ पहिल्यातूनच निघाला आहे. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात ग्रामपंचायत, पंचायत समिती व नगरपंचायत या तिन्ही संस्था असल्यामुळे या पद्धतीची वाटचाल व तिचे गुणदोष तेथे एकत्र पाहावयास मिळतात.

मर्यादित निर्वाचकांकडून प्रमुख निवडण्याची प्रथा जुनी आहे. पोपच्या निवडीचा अधिकार १०५९ मध्ये प्रामुख्याने कार्डिनलांकडे देण्यात आला आणि ११७९ मध्ये त्यासाठी दोनतृतीयांश मतांची अट घालण्यात आली. व्हेनिसच्या प्रजासत्ताकात १२६८ पासून मतदान व चिठ्ठ्या यांच्या अनेक फेऱ्यांतून ४१ निर्वाचक ठरत व ते डोजची निवड करीत. कोणत्याही एका घराण्याला आधीपासून संधान बांधता येऊ नये, हा त्यामागील हेतू होता. पवित्र रोमन साम्राज्यात १३५६ च्या सुवर्णसनदेने राजा निवडण्याचा हक्क सात निर्वाचकांपुरता निश्चित केला. विसाव्या शतकात पाकिस्तानात अयुबखान यांनी ‘मूलभूत लोकशाही’ या नावाने सु. ८०,००० स्थानिक प्रतिनिधींचा निर्वाचक गण निर्माण केला व जानेवारी १९६५ मध्ये त्याच्याच मतांवर फातिमा जिना यांचा पराभव करून ते राष्ट्राध्यक्षपदी राहिले. हाँगकाँग या चीनच्या विशेष प्रशासकीय प्रदेशाचा मुख्य कार्यकारी १९९६ मध्ये ४०० जणांच्या समितीने निवडला. २०२१ च्या बदलांनंतर ही समिती १,५०० जणांची झाली. समिती मोठी झाली, तरी २०२२ मध्ये तिच्यापुढे एकच उमेदवार होता. भारताचा राष्ट्रपतीही निर्वाचक गणाकडून निवडला जातो. २०२२ च्या निवडणुकीत या गणात संसदेचे व राज्य विधानसभांचे मिळून ४,८०९ निर्वाचित सदस्य होते.

या उदाहरणांवरून असे दिसते, की गणाचे केवळ संख्याबळ निर्णायक नसते. निर्वाचक कसे ठरतात, त्यांचे मत गुप्त असते की उघड आणि प्रमुखाला पदावरून दूर करण्याचा अधिकार कोणाकडे असतो, या तीन बाबींवर पद्धतीचे खरे स्वरूप अवलंबून असते. गावपातळीवरील निवडीलाही हेच निकष लागू पडतात.

पूर्वपीठिका : पारनेरचा प्रदेश १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला. त्यापूर्वी व त्यानंतरही दीर्घकाळ गावाचा प्रमुख म्हणजे पाटील हा वतनदार असे. त्याचे पद वंशपरंपरेने चाले, निवडणुकीने नव्हे. महसुली पाटीलकीची ही व्यवस्था महाराष्ट्रात १९६२ च्या अधिनियमान्वये संपुष्टात आली. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ मध्ये स्थानिक मंडळांचा अधिनियम झाला आणि जिल्हा व तालुका पातळीवर अंशतः निर्वाचित मंडळे आली. मात्र जिल्हा मंडळाचे अध्यक्षपद प्रारंभी कलेक्टरकडेच असे. १९२३ च्या अधिनियमाने मंडळांचे लोकनियुक्त स्वरूप वाढले आणि सदस्यांनी आपल्यातून अध्यक्ष निवडण्याची पद्धती स्थिरावली. तालुका मंडळे १९३८ मध्ये रद्द झाली. त्यामुळे जिल्हा व गाव यांच्यामधील तालुका हा दुवा सुमारे पाव शतक निर्वाचित प्रतिनिधित्वाविना राहिला.

गावपातळीवर मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ हा महत्त्वाचा टप्पा होय. या अधिनियमान्वये प्रौढ मतदारांनी पंच निवडावेत व पंचांनी आपल्यातून सरपंच निवडावा, अशी व्यवस्था झाली. ग्रामपंचायतीच्या सदस्यांची संख्या लोकसंख्येनुसार ७ ते १७ असते. सात सदस्यांच्या गावात चार मते मिळविणारा सरपंच होई. सरपंचाच्या निवडीपुरता तेवढाच त्या गावाचा निर्वाचक गण होता.

गण या संज्ञेचा उगम : सामूहिक विकास योजनांचा आढावा घेणाऱ्या बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये त्रिस्तरीय पंचायत राज्याची शिफारस केली. वरच्या स्तरांवरील प्रतिनिधी खालच्या स्तरांतून अप्रत्यक्षपणे यावेत, असा तिचा कल होता. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर जून १९६० मध्ये वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने मार्च १९६१ मध्ये अहवाल दिला व वेगळी वाट धरली. जिल्हा परिषदेचे सदस्य जनतेने प्रत्यक्ष निवडावेत आणि कलेक्टरला परिषदेबाहेर ठेवावे, असे तिने सुचविले. त्यानुसार महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ संमत झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या.

पंचायत समितीच्या बाबतीत मात्र अधिनियमाने दोन्ही पद्धतींची सांगड घातली. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक निवडणूक विभागाचे, म्हणजे बोलीतील ‘गटा’चे, दोन निर्वाचक गण पाडण्यात आले. गणातील ग्रामपंचायतींच्या सदस्यांनी आपला प्रतिनिधी समितीवर पाठवावयाचा होता. समितीत गटांतून निवडून आलेले जिल्हा परिषद सदस्य, सहयोजित सदस्य आणि गणांनी पाठविलेले प्रतिनिधी असत व त्यांच्यातून सभापती निवडला जाई. म्हणजे तालुक्याच्या प्रमुखाची निवड काही अंशी दुहेरी अप्रत्यक्ष होती : मतदाराने पंच निवडावा, पंचांनी समितीचा सदस्य निवडावा व त्याने सभापती निवडावा. या काळात ‘गण’ हा शब्द शब्दशः खरा होता. तो भूभागाचा नव्हे, तर निर्वाचकांच्या समूहाचा वाचक होता.

त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती : संसदेने १९९२ मध्ये संमत केलेली ही दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आली. तिने पंचायतींच्या सर्व स्तरांवरील सदस्यांची निवड प्रत्यक्ष मतदानाने व्हावी, असे बंधन घातले. राज्याने १९९४ मध्ये आपल्या अधिनियमांत तदनुसार बदल केले. तेव्हापासून गणातील प्रत्येक मतदार पंचायत समितीच्या सदस्यासाठी थेट मत देतो. समूह गेला, पण शब्द राहिला. जिल्हा परिषद व पंचायत समिती यांच्या मतदानासाठी केंद्रावर आलेला पारनेरचा मतदार एक मत गटासाठी व दुसरे गणासाठी देतो, ते या जुन्या रचनेच्या खुणेवरच.

घटनादुरुस्तीने प्रमुखांच्या निवडीबाबत मात्र स्तरानुसार भेद केला. अनुच्छेद २४३-ग अन्वये गावपातळीवरील पंचायतीचा अध्यक्ष कसा निवडावा, हे राज्य विधिमंडळाने ठरवावयाचे आहे. तथापि मधल्या व जिल्हा स्तरांवरील अध्यक्ष निर्वाचित सदस्यांनी आपल्यातूनच निवडला पाहिजे. नगरपालिकांच्या बाबतीत पद्धती ठरविण्याचा अधिकार राज्याकडेच आहे. परिणामी पारनेर पंचायत समितीचा सभापती आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष ही पदे घटनेने अप्रत्यक्ष निवडीची ठरविली आहेत, तर सरपंच व नगराध्यक्ष यांच्या निवडीची पद्धती राज्यातील सत्ताबदलाबरोबर बदलत गेली आहे.

सभापतींची निवड : पारनेर तालुक्यात २०१७ च्या निवडणुकीत जिल्हा परिषदेचे टाकळी ढोकेश्वर, ढवळपुरी, जवळा, निघोज व सुपा असे पाच गट आणि त्यांचे दहा गण होते. संपूर्ण तालुक्याचा सभापती निवडण्याचा अधिकार त्यामुळे दहा जणांकडे होता. प्रत्येक गटाचे दोनच गण पडत असल्याने कोणत्याही पंचायत समितीची सदस्यसंख्या नेहमी समच येते आणि समसमान मतांची शक्यता रचनेतच राहते. तसे घडल्यास चिठ्ठी टाकून निर्णय होतो. लोकांनी मतदान केले, सदस्यांनीही केले, तरी अखेरचा कौल दैवाकडे जावा, असे प्रसंग राज्यात अनेकदा आले आहेत.

निवडीसाठी खास सभा बोलावण्यात येते व नियुक्त अध्यासी अधिकारी तीत अध्यक्षस्थानी असतो. एकाहून अधिक उमेदवार राहिल्यास मतदान हात वर करून होते. उघड मतदानामुळे पक्षाचा आदेश मोडणारा सदस्य लगेच ओळखू येतो व स्थानिक प्राधिकरण सदस्यांच्या अनर्हतेसंबंधीच्या १९८६ च्या राज्य अधिनियमाची कारवाई त्याच्यावर करता येते. सरपंचाच्या अप्रत्यक्ष निवडीत मात्र एखाद्या सदस्याने मागणी केल्यास गुप्त मतदान घेण्याची तरतूद होती. लहान गणात या फरकाला फार महत्त्व असते. उघड मताने सदस्य पक्षाला बांधला जातो, पण त्याच्यावर दडपण आणणेही सोपे होते. गुप्त मताने तो मोकळा होतो, पण ज्यांनी त्याला निवडले त्यांनाही त्याने काय केले हे कळत नाही.

आरक्षणाने निवडीचे क्षेत्र आणखी मर्यादित केले आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागासवर्ग व महिला यांच्यासाठी प्रमुखपदे आळीपाळीने राखीव असतात. महिलांचे प्रमाण महाराष्ट्रात २०११ पासून निम्मे आहे. वतनी पाटीलकीत ज्या समाजांना गावाचे प्रमुखपद कधीच मिळाले नसते, त्यांच्याकडे ते यामुळे आले. मात्र दहा जणांच्या समितीत राखीव प्रवर्गाचा एकच सदस्य असेल, तर बहुमत कोणाचेही असो, पद त्याच्याकडेच जाते. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांत सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मतदानानंतर काढण्यात आली. त्यामुळे आपल्या पंचांपैकी सरपंच कोण होऊ शकेल, हे मतदाराला मत देताना ठाऊक नव्हते. काही गावांत तर सोडतीत आलेल्या प्रवर्गाचा एकही सदस्य निवडून आलेला नव्हता.

सरपंचपदाचे हेलकावे : सदस्यांतून सरपंच निवडण्याची १९५८ ची पद्धती जवळजवळ साठ वर्षे टिकली. सदस्य फोडणे, निवडीच्या दिवसापर्यंत त्यांना सहलीवर नेऊन ठेवणे आणि वारंवार अविश्वासाचे ठराव आणणे, हे तिचे दोष सर्वपरिचित होते. २०१७ मध्ये राज्याने सरपंचाची निवड थेट जनतेतून करण्याचा निर्णय घेतला. पहिली दोन वर्षे अविश्वासाचा ठराव आणता येणार नाही आणि तीनचतुर्थांश सदस्यांनी तो संमत केला तरी ग्रामसभेची मान्यता लागेल, अशी तरतूद करण्यात आली. २०२० मध्ये नव्या सरकारने हा बदल रद्द करून जुनी पद्धती आणली आणि जानेवारी २०२१ च्या निवडणुकांनंतर सरपंच सदस्यांतून निवडले गेले. २०२२ मध्ये पुन्हा सत्तांतर झाले व थेट निवडणूक परत आली. सहा वर्षांच्या आत एकाच पदाच्या निवडीचा नियम तीनदा बदलला.

दोन्ही बाजूंचे युक्तिवाद विचारात घेण्याजोगे आहेत. थेट निवडीच्या समर्थकांच्या मते चार-पाच सदस्यांना वश करणे शक्य असते, सबंध गावाला नव्हे. शिवाय सरपंचाला स्थैर्य लाभते. विरोधकांचे म्हणणे असे, की सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचे, अशी स्थिती आली की ठराव अडून राहतात व गावाचे काम थांबते. सदस्यांनी निवडलेला सरपंच निदान बहुमत घेऊनच खुर्चीवर बसतो. पारनेरसारख्या पर्जन्यछायेच्या तालुक्यात हा वाद केवळ तात्त्विक नाही. पाणीपुरवठ्याची योजना, बंधाऱ्याची जागा, टँकरची मागणी यांसंबंधीचे ठराव वेळेवर होतात की नाही, याच्याशी त्याचा थेट संबंध येतो.

निवडणूकच टाळण्याचा मार्गही या भागात चोखाळला गेला. शेजारच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे १९८९ पासून ग्रामपंचायत बिनविरोध होत असे. जानेवारी २०२१ मध्ये तेथे सुमारे तीन दशकांनंतर मतदान झाले. याच निवडणुकीच्या वेळी पारनेरच्या तत्कालीन आमदारांनी बिनविरोध निवड करणाऱ्या गावांना २५ लाख रुपयांचा विकासनिधी देण्याची घोषणा केली होती. बिनविरोध निवडीने खर्च व वैर टळते, हे खरे. परंतु ती कोणाच्या बैठकीत ठरली, हा प्रश्न उरतोच. गावाने चर्चेअंती एकमत केले, तर ती लोकसंमती होय. काही मोजक्या घरांनी ती ठरविली, तर कायद्यात न लिहिलेला तो एक निर्वाचक गणच म्हणावा लागेल. या प्रथेचे टोकाचे विकृत रूप त्याच वेळी अन्यत्र आढळले. नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांचे लिलाव झाल्याचे उघडकीस आल्यावर राज्य निवडणूक आयोगाने तेथील निवडणुका रद्द केल्या.

नगराध्यक्ष : नगरपरिषदांबाबत १९६५ च्या अधिनियमापासून असेच हेलकावे दिसतात. १९७४ मध्ये नगराध्यक्षाची थेट निवड झाली. पुढे ती पद्धती सोडून देण्यात आली. २००१ मध्ये ती परत आली व २००६ मध्ये पुन्हा गेली. २०१६, २०२० व २०२२ या वर्षी आणखी तीन बदल झाले. पारनेर हे तालुक्याचे ठिकाण दीर्घकाळ ग्रामपंचायत होते. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तेथे नगरपंचायत झाली. नगरपंचायतीत १७ निर्वाचित नगरसेवक असतात. नगराध्यक्ष नगरसेवकांतून निवडला जाई, तेव्हा स्वीकृत सदस्यांना मतदानाचा अधिकार नसल्याने त्यासाठी नऊ मते पुरेशी होत.

एवढ्या लहान गणाचे वजन जुलै २०२० मध्ये राज्यभर प्रत्ययास आले. पारनेर नगरपंचायतीतील शिवसेनेच्या पाच नगरसेवकांनी ४ जुलै रोजी बारामती येथे राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात प्रवेश केला. दोन्ही पक्ष त्या वेळी राज्यात एकाच आघाडी सरकारचे घटक होते. प्रकरण दोन्ही पक्षांच्या श्रेष्ठींपर्यंत गेले आणि ८ जुलै रोजी हे नगरसेवक मुंबईत पुन्हा शिवसेनेत आले. एका लहान गावातील पाच मतांमुळे राज्याच्या सत्ताधारी आघाडीत तणाव उत्पन्न व्हावा, हे वरवर पाहता नवलाचे वाटते. परंतु सतरांच्या गणात पाच मते म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश सत्ता होय. यातील लक्षणीय गोष्ट ही, की मतदारांनी ज्यांना निवडले ते चार दिवसांत दोनदा पक्ष बदलत असता मतदारांना त्यात काहीच स्थान नव्हते. डिसेंबर २०२१ व जानेवारी २०२२ मध्ये दोन टप्प्यांत झालेल्या पुढील निवडणुकीतही कोणत्याच पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले नाही व नगराध्यक्षपदाचा निर्णय पुन्हा मोजक्या नगरसेवकांच्या हाती गेला.

मूल्यमापन : निर्वाचक गणाच्या पद्धतीमागे एक तत्त्व आहे. ज्यांना प्रमुखाबरोबर रोज काम करावयाचे आहे व जे त्याला जवळून ओळखतात, त्यांनी त्याची निवड करावी आणि तो चुकला तर त्यांनीच त्याला दूर करावे. सामूहिक जबाबदारीचा हा विचार संसदीय पद्धतीशी सुसंगत आहे. पंतप्रधान व मुख्यमंत्री हेही अखेर सभागृहातील बहुमतावरच राहतात. मात्र हे तत्त्व टिकण्यासाठी गण पुरेसा मोठा, त्याचे सदस्य स्वतंत्र आणि त्यांची कृती मतदारांना दिसणारी असावी लागते. गण जितका लहान, तितकी एका मताची किंमत वाढते आणि ती चुकविण्याची तयारी असणाराही भेटतो.

तालुका व जिल्हा पातळीवर घटनेने ही पद्धती स्थिर केली असल्याने तेथे तिचे दोष केवळ कायदा बदलून जाणार नाहीत. मार्च २०२२ मध्ये तत्कालीन अहमदनगर जिल्हा परिषदेची व तिच्या पंचायत समित्यांची मुदत संपून कारभार प्रशासकांकडे गेला, तेव्हा तर दहा जणांचा मर्यादित गणही उरला नाही. तालुक्याचा प्रमुख दहा सदस्यांनी निवडावा की सर्व मतदारांनी, या वादापेक्षा मूलभूत प्रश्न तेव्हा पुढे आला : तो निवडला जातो की नेमला जातो? १८८४ च्या मंडळावरील कलेक्टरपासून निर्वाचित सभापतीपर्यंतचे अंतर तोडण्यास तीन पिढ्या लागल्या होत्या.

गावपातळीवर एक तिसरे उत्तर उपलब्ध आहे व त्याचा आग्रह पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीच्या ग्रामविकास चळवळीने सातत्याने धरला : सरपंच कोणत्याही पद्धतीने निवडलेला असो, तो ग्रामसभेला उत्तरदायी असला पाहिजे. २०१७ च्या सुधारणेने अविश्वासाच्या ठरावाला ग्रामसभेच्या मान्यतेची जोड दिली, ती याच दिशेने होती. निवडीचा गण मर्यादित असू शकतो. हिशेब मागणाऱ्यांचा गण मर्यादित असता कामा नये. ग्रामसभेत गावातील प्रत्येक मतदार सदस्य असतो. या अर्थाने गावाचा खराखुरा निर्वाचक गण तीच होय.